आजीचं नाव नातीला ठेवायचं, तर आधी आजीची सगळी नावं शोधा

एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तीन आठवड्यांची. तिच्या आईला आईच्याच आजीनं, म्हणजे आईच्या वडिलांच्या आईनं, अनुसयाबाईंनी वाढवलं. त्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांची आठवण मुलीच्या नावात राहावी अशी आईची मनापासून इच्छा आहे. अडचणी तीन आहेत. नाव जुनं आहे, शाळेत चिडवतील, असं नवऱ्याला वाटतं. गुरुजींनी नावरस अक्षर 'दे' काढून दिलंय. आणि सासूबाईंचं म्हणणं, ठेवायचंच तर आमच्याकडच्या पणजीचं, भागीरथीचं ठेवा. जन्माची नोंद रुग्णालयाकडून झाली आहे, पण नावाचा रकाना अजून मोकळा आहे.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात चांगली. रकाना मोकळा आहे, म्हणजे हातात वेळ आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. कलम १४ नुसार नाव नंतर भरता येतं. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ते घालता येतं. मात्र १५ वर्षांच्या मुदतीवर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे मतदारयादी या सगळ्यांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. नाव नसलेला दाखला घेऊन बसलात तर पुढचं सगळं अडतं. तेव्हा दोन-तीन महिने नीट विचार करा आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत नाव भरून टाका.

घाईत भरलेल्या नावाचं काय होतं तेही सांगतो. नोंदवहीत गेलेलं नाव लिहिताना चुकलं असेल तर दुरुस्त होतं. मन बदललं म्हणून दुसरं नाव घालायचं म्हटलं की राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. रुग्णालयातून घरी सोडताना फॉर्म पुढे करून 'नाव काय लिहू?' असं विचारतात, तिथेच बरीच कुटुंबं फसतात. त्या क्षणी 'नाव नंतर देऊ' एवढंच सांगायचं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे. आजीचं नाव ठेवायचं म्हणताना लोक एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे आजीला एकच नाव होतं. आपल्याकडच्या आजीला सहसा तीन-चार नावं असतात. माहेरचं, सासरचं, कागदावरचं आणि हाकेचं. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून तिचं जन्माचं नाव सासरच्या घरात कोणी घेत नाही. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. आनंदीबाई कर्वे आधीच्या गोदूबाई. इतक्या नावाजलेल्या बायकांचं हे, मग तुमच्या-आमच्या घरातल्या आजीचं जन्मनाव नातवंडांना माहीत नसावं यात नवल नाही.

म्हणून पहिलं काम शोधाचं, आणि ते बारशाआधी करा. आजीचं धाकटं भावंड हयात असेल तर आजच फोन करा. 'तुम्ही तिला लहानपणी काय म्हणायचात?' असा प्रश्न विचारा. 'तिचं खरं नाव काय?' असं विचारलंत तर सासरचंच नाव सांगतील. नंतर कागद. आजी दोन यत्ता का होईना शिकली असेल तर गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये माहेरचं नाव असतं आणि त्याचा उतारा मागता येतो. माहेरच्या जमिनीचे जुने फेरफार पाहा. वारसांत मुलींची नावं असतात, आणि कधीकधी 'ऊर्फ' हा एक शब्द सगळं उलगडून देतो. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्मनोंदी असतात, पण बऱ्याच मोडी लिपीत आहेत, तेव्हा वाचणारा माणूस लागेल. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला घराण्याचे तीर्थोपाध्ये असतील तर त्यांच्या वह्यांतही पिढ्यांच्या नावांबरोबर बायकांची नावं सापडतात.

आणि माळ्यावरची भांडी उतरवा. आजीच्या लग्नातला पितळी डबा, तांब्या, घंगाळ जे असेल ते. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं असतात, कासारानं छिन्नीनं एकेक टिंब ठोकून काढलेली. चिंच लावून घासा आणि उन्हात तिरकं धरा, तेव्हा ती वाचता येतात. त्यावर कधी देणाऱ्याचं नाव असतं, कधी नवरीचं, बऱ्याचदा साल. माहेराहून आलेल्या भांड्यावर माहेरचं नाव असण्याची शक्यता जास्त.

माहेरचं नाव सापडलं तर ते ठेवायचं की सासरचं? यावर माझं मत स्पष्ट आहे. नातवंडांनी आजीवर ज्या नावानिशी प्रेम केलं ते नाव पहिलं. पण सासरचं नाव आजीला कधी आवडलंच नव्हतं असं तिच्या बहिणीनं सांगितलं, तर माहेरचं नाव परत घरात आणण्याइतका मोठा मान दुसरा नाही. कोणतं नाव तिचं स्वतःचं होतं, ते तिच्या पिढीच्या माणसाला विचारल्याशिवाय कळणार नाही.

इथे एका नाजूक गोष्टीबद्दल बोलायलाच हवं. काही जुनी नावं मायेनं ठेवलेली नसतात. मुलं जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत, मुलींत धोंडाबाई. त्यामागे निदान जगावं ही इच्छा होती. पण लागोपाठ मुली झाल्या म्हणून ठेवलेलं नकुसा किंवा नकोशी हे नाव मात्र उघड नकार आहे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली. आजीचं नाव असं असेल तर ते नातीला देणं म्हणजे जखम पुढे देणं. तिथे हाकेचं नाव घ्या किंवा तिच्या आवडीच्या एखाद्या गोष्टीचं, पण ते नाव नको.

आता तुमच्या आजीचं नाव. अनुसया हे बोलीतलं रूप, मूळ संस्कृत शब्द अनसूया. अन् + असूया, म्हणजे जिला कुणाचा मत्सर वाटत नाही ती. अत्रि ऋषींची पत्नी, दत्ताची आई. माहूरला रेणुकेच्या आणि दत्तशिखराच्या जोडीनं अनसूयेचंही शिखर आहे. रामायणात वनवासातली सीता अत्रींच्या आश्रमात येते, तेव्हा म्हातारी अनसूया तिला जवळ बसवून न कोमेजणारी माळ, वस्त्रं, दागिने, उटणं देते. एका वृद्ध बाईनं तरुण मुलीला मायेनं सजवल्याचा असा प्रसंग ज्या नावामागे आहे, ते नाव जुनं म्हणून टाकून देण्यासारखं नाही. अर्थ, कथा आणि उच्चार या तिन्ही बाजूंनी ते भक्कम आहे.

पण दोन निर्णय आधी घ्यावे लागतील. पहिला, अनसूया की अनुसया. शुद्ध रूप अनसूया. आजीच्या रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात बहुधा अनुसया असेल आणि गावानं हाक मारली तीही तीच. अर्थ जपायचा तर अनसूया, आवाज जपायचा तर अनुसया. दोन्ही बरोबर आहे, फक्त एकदा ठरवून पक्कं करा. कारण यात एक बारीक खोच आहे. इंग्रजीत लिहिलं तर दोन्ही रूपांत सातच अक्षरं येतात आणि तीच अक्षरं येतात, फक्त तिसरं आणि पाचवं एकमेकांच्या जागी जातं. एकात तिसऱ्या जागी ए आणि पाचव्या जागी यू, दुसऱ्यात उलट. टाइप करणाऱ्याच्या नजरेतून हे हमखास सुटतं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरंच, असं झालं की दहावीच्या वेळी निस्तरत बसावं लागतं. दाखला हातात पडला की काउंटरवरून हलायच्या आधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचा.

दुसरा निर्णय हाकेचा. चार अक्षरी नाव घरात कोणी पूर्ण घेत नाही. नाव छोटं कसं होणार हे तुम्ही ठरवलं नाहीत तर शेजारपाजार आणि शाळा ठरवतात. यात एक सापळा आहे: नाव मागच्या बाजूनं तोडलं तर 'असूया' किंवा 'सूया' उरतं, आणि असूया म्हणजे तर मत्सर. तेव्हा पुढून तोडा. अनू. हे हाकेचं नाव बारशाच्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी बसवा. 'अनु' म्हणजे मागोमाग, पाठोपाठ. आजीच्या पाठोपाठ आलेली मुलगी म्हणूनही ते शोभतं.

हाकेच्या नावाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. तुमच्या आईनं आयुष्यभर सासूबाईंचं नाव तोंडातून काढलेलं नसेल. आता नात मस्ती करते म्हणून 'अनुसये, खाली उतर!' असं ओरडणं त्यांना जड जाणार, आणि त्या ते बोलूनही दाखवणार नाहीत. या अवघडलेपणामुळे आजीची नावं ठेवलेल्या मुलींना घरात अक्का, माई, छकुली असं काहीतरी म्हटलं जातं आणि ठेवलेलं नाव दाखल्यापुरतं उरतं. अनू ही हाक मारायला कुणालाच संकोच नाही. आजी हयात असेल तर हीच गोष्ट आणखी महत्त्वाची होते. काही घरांत जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, काही घरांत तो मोठा मान मानतात. आजीला एकटीला गाठून विचारा, चारचौघांत विचारलंत तर ती भिडेपोटी हो म्हणेल किंवा लाजून नाही म्हणेल.

नाव जसंच्या तसं नको असेल तर इतर वाटा आहेत, पण सगळ्या सारख्या दमाच्या नाहीत. सगळ्यात लंगडी वाट म्हणजे पहिलं अक्षर घेणं. आजी अनुसया म्हणून नात आर्या किंवा अन्वी. दोन वर्षांत हा धागा आईवडिलांखेरीज कुणाला आठवत नाही, आणि मुलीला सांगायला त्यात काही उरत नाही. शब्दाची घडण जपणं त्याहून बरं. अनघा घ्या; अन् + अघ, जिच्यात पाप नाही ती. अनसूयेसारखाच 'नाही' सांगून गुण सांगणारा शब्द. अनामिका मात्र या कामाला घेऊ नका, तिचा अर्थच नाव नसलेली.

कथेवरून जाणारी वाट माझ्या मते सगळ्यात सुंदर. अनसूयेनं सजवली ती सीता, म्हणून मैथिली किंवा वैदेही. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतलेच्या दोन सख्या आहेत, अनसूया आणि प्रियंवदा. म्हणून प्रियंवदा, गोड बोलणारी. अशा नावात मुलीला मोठेपणी सांगायला गोष्ट असते आणि ती गोष्ट आजीपर्यंत पोचते. मात्र कुणीतरी ती सांगायला हवी, नाव आपोआप बोलत नाही.

ज्यांच्या आज्यांची नावं वेगळी आहेत त्यांच्यासाठी थोडं. नद्यांची नावं सोपी, कारण एकाच नदीला अनेक नावं. भागीरथी असेल तर जान्हवी, गोदावरी असेल तर गोदा किंवा गौतमी, यमुना असेल तर कालिंदी. देवींचंही तसंच: सरस्वतीसाठी शारदा, पार्वतीसाठी उमा, अपर्णा, गिरिजा, रखमा किंवा रुक्मिणीसाठी वैदर्भी, कारण ती विदर्भाची राजकन्या. तुळसा असेल तर वृंदा. शालिनी हे अकरा अक्षरांचं वृत्त आहे, त्याच्या जोडीला मालिनी हे पंधरा अक्षरांचं. छंदाची आवड असलेल्या घरात ही जोडी खुलते. गोव्याकडच्या आजीचं नाव शांता किंवा दुर्गा असेल तर ते कवळ्याच्या शांतादुर्गेवरून तर आलं नाही ना, ते विचारा. तसं असेल तर नाव निवडताना देवीच हाताशी येते. काही नावं तर बदलायचीही गरज नाही. रमा, तारा, उमा, मुक्ता, राधा, इंदिरा ही आजही कुठेही चालतात. बाई गाळा, एवढंच. गंगाबाईतलं बाई हे नाव नव्हे, आदर आहे. नातीच्या दाखल्यावर ते जायला नको.

अर्थावरून नाव काढताना होणाऱ्या चुका मात्र ठराविक आहेत. इंदू म्हणजे चंद्र आणि इंदिरा म्हणजे लक्ष्मी. आजी इंदिरा असताना नातीला शशिकला ठेवून मोकळे होतात. सुमन म्हणजे फूल म्हणून मुलाला सुमंत ठेवतात, पण सुमंत हा शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला परराष्ट्र व्यवहार पाहणारा प्रधान. त्या शब्दाचा फुलाशी संबंध नाही. मंजुळा म्हणजे गोड आवाजाची, मंजिरी म्हणजे तुळशीचा तुरा. आणि मोबाइलवर नावांचे अर्थ म्हणून जे फिरतं त्यातलं पुष्कळसं मनचं असतं. चांगला मराठी किंवा संस्कृत शब्दकोश उघडा. त्यात शब्दच सापडला नाही तर ते नाव सोडा. दोन आज्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेल्या नावांचं बहुतेक वेळा असंच होतं. ऐकायला गोड आणि अर्थ शून्य.

मुलगा असेल तर आपल्या परंपरेत एक फार मोठी सोय आहे. आईच्या नावावरून मुलाचं नाव. सुभद्रेचा सौभद्र, सुमित्रेचा सौमित्र, गंगेचा गांगेय, अंजनीचा आंजनेय. राधेचा राधेय, पण ही राधा कर्णाला वाढवणारी, कृष्णाची नव्हे. अर्थ सांगताना गल्लत करू नका. सांभाळणाऱ्या आजीसाठी तर हे नाव नेमकं बसतं. अनसूयेसाठी दत्त, सोम किंवा आत्रेय. महाराष्ट्रात ही चाल दोन हजार वर्षांच्या घरातली आहे. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईकडून आलेली बिरुदं लावत, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक मोठा लेख गौतमी बलश्रीचा आहे, तिचा नातू पुळुमावी गादीवर असताना कोरलेला. आजोबांचं नाव नातवाला देणं आपल्याकडे सर्रास होतं. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. आज्यांच्या वाट्याला ते फार कमी आलं, म्हणूनही तुमची इच्छा मला मोलाची वाटते.

नावरस अक्षराची काळजी करू नका. रेवती नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर 'दे', ते पंचांगातल्या अवकहडा चक्रावरून काढलेलं आहे. २७ नक्षत्रं, प्रत्येकी ४ चरण, अशी १०८ अक्षरं. त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतं, हस्ताच्या तिसऱ्याला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. या अक्षरांनी सुरू होणारी नावंच नाहीत, म्हणजे व्यवहारातलं नाव त्याच अक्षरावर हवं असा हट्ट शास्त्रालाही धरता येत नाही. नामकरणात नावं मुळातच अनेक असतात: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. नाक्षत्रनाम पत्रिकेत राहतं, आणि पुढे गुणमेलन होतं तेही जन्मनक्षत्रावरून, दाखल्यावरच्या नावावरून नव्हे. गुरुजींना सांगा, नाक्षत्रनाम देवकी किंवा देवयानी ठेवा, व्यावहारिक नाव आमचं ठरलंय. बहुतेक गुरुजी विनातक्रार मान्य करतात.

सासूबाईंच्या भागीरथीचा प्रश्नही इथेच सुटतो. पाळण्यात जितकी नावं घ्याल तितकी घेता येतात. पणजीचं भागीरथी नाव पाळण्यात घ्या, व्यावहारिक नावाच्या आधी घ्या, आणि ते आत्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं उच्चारावं. पण हे बारशाच्या आधी, शांतपणे, नवऱ्यानं आईशी बोलून ठरवायला हवं. सुनेनं सांगितलं की त्याचा माहेर-सासर असा वाद होतो. आणखी एक फोन तुमच्या भावंडांना आणि चुलत भावंडांनाही करा. अनुसयाबाई त्यांच्याही आजी. कुणाच्या मनात हेच नाव असेल तर आत्ता कळलेलं बरं; दोघींना एकच नाव ठेवायला हरकत नाही, पण न सांगता ठेवलं तर वर्षानुवर्षं सल राहतो.

आजीचं नाव दुसरं नाव म्हणून मधे घालायचा विचार असेल, म्हणजे 'इरा अनुसया' असं काही, तर महाराष्ट्रात जपून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम शासनानं ठरवला आहे. इराच्या पुढे अनुसया आलं की वाचणारा ते आईचं नाव समजणार, आणि शाळेपासून बँकेपर्यंत 'आईचं नाव जुळत नाही' हा शेरा मागे लागेल. परदेशात जन्मलेल्या बाळांची गोष्ट निराळी. तिथे मधल्या नावाची वेगळी जागा असते आणि आजीसाठी ती उत्तम आहे. फक्त तिथल्या मुदती पाहा. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत जन्मनोंद करावी लागते, तेव्हा भारतातून माहेरचं नाव शोधून आणायचं असेल तर बाळंतपणाच्या आधीच कामाला लागा.

चिडवण्याची भीती खोटी नाही, पण ती तपासून पाहता येते. ठरवलेलं नाव आठवडाभर घरात वापरा. चार तऱ्हेनं म्हणा: गच्चीवरून लांब हाक, रागावून, शाळेच्या हजेरीत म्हणतात तसं आडनावासकट, आणि फोनवर परक्या माणसाला. फोनवर तीनदा सांगावं लागलं तर लिहितानाही चुकेल. मग सात-आठ वर्षांच्या ओळखीच्या पोरांना नाव सांगा आणि त्यांना काय सुचतं ते ऐका. मोठ्यांना जे सुचत नाही ते त्यांना दोन सेकंदांत सुचतं. मंदाकिनीची मंदा झाली की मंद म्हणतात, विमलवरून पुडी आठवते. अनसूया या चाचणीत सहसा तरते, कारण त्यावरून यमक सहज जुळत नाही आणि वर्गात तशी दुसरी मुलगी नसते.

याहून खरी काळजी वेगळ्या गोष्टीची घ्यायला हवी. आजीला जाऊन वर्षच झालंय. 'आजीच परत आली' असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणेल. पहिले काही महिने त्यानं बरं वाटतं. पण मूल चालू-बोलू लागल्यावरही 'आजी असं करत नव्हती' हे ऐकायला लागलं, तर ते नाव तिला ओझं होतं. दुःख अजून ओलं असेल, नाव उच्चारताच रडू येत असेल, तर आणखी दोन महिने थांबा. बाळ तोवर अनू म्हणून वाढेल आणि कायद्यानं दिलेली १२ महिन्यांची मुदत यासाठीच वापरा. आजीचं नाव तिचं होतं, आता ते या मुलीचं आहे, हे घरात एकदा मोठ्यानं म्हणून टाकलेलं बरं.

बारशाच्या दिवशी क्रम असा ठेवा. ताटात तांदूळ पसरून नावं लिहायची असतात, तेव्हा नाक्षत्रनाम गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे, मग भागीरथी, आणि शेवटी व्यावहारिक नाव अनसूया. सोन्याच्या अंगठीनं लिहिताना 'सू' दीर्घ लिहा. वरवंटा पाळण्याखालून फिरवून झाला, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, की आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगेल. तिला आधीच कागदावर लिहून द्या, ऐन वेळी आत्या हमखास 'अनुसया' म्हणते. ताटातल्या अक्षरांचा फोटो काढून ठेवा, तांदूळ हलला की ती जातात. फोटोच्या मागे आजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव आणि जन्मसाल लिहा. मग घुगऱ्या वाटून झाल्या की त्याच आठवड्यात मूळ दाखला, दोघांची ओळखपत्रं आणि अर्ज घेऊन नोंदणी कार्यालयात जा. अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिखाण एकाच व्यक्तीनं, छापील अक्षरांत करा.